चिंचोक्यांचं गाव

सर, तुम्हाला काही कळवावं म्हणून हे लिहायला बसलेलो नाही. कळवायचं ते तुम्ही असताना कळवायचं, आणि तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. मागच्या आठवड्यात एक मुलगी तिचं संशोधन दाखवायला घरी आली. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अशी मुलं अधूनमधून येतात. बहुधा मी फुकट ऐकतो म्हणून येत असावीत. तिने संगणकात एक गाव वसवलं आहे. गावात हजारो माणसं, प्रत्येकाला दोन-चार साधे नियम दिलेले. बटण दाबलं की माणसं आपापली वागू लागतात आणि ही बाजूला बसून बघते. पडद्यावर ठिपके सरकत होते, घोळके होत होते, मोडत होते. "कितीही वेळा चालवलं तरी शेवटी असंच होतं, का होतं ते मात्र सांगता येत नाही," ती म्हणाली. मी विचारलं, न चालवता सांगता येईल का? ती माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसत बसलो, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते शहाद्याला तुमच्या घराच्या ओट्यावर मी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेव्हा मीही असाच बघत राहिलो होतो.

त्या वर्षी मी दहावीत आहे. सातपुड्यातल्या आमच्या गावातून शहाद्याच्या हायस्कुलापर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे वसतिगृहात मला बोलायला आमची बोली येणारं कोणी नाही. तुम्ही वर्गात पुस्तकातलं मराठी बोलता आणि घराच्या पायरीवर चप्पल काढली की अहिराणी. मला दोन्ही सारख्याच परक्या, म्हणून मी दोन्हीकडे गप्प बसतो. श्रावणात मी चार दिवस सांगून घरी गेलो आणि भलताच उशिरा परतलो. तुम्ही छडी काढली नाहीत. हात पुढे करायला लावलेत, तळव्यावरचे फोड बघितलेत आणि विचारलंत, "हाई काय करी उना रे तू?" मी सांगितलं, लाह्याला गेलो होतो. लाहा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. कोणाच्या वावरात निंदणी आली की तो गावाला हाक देतो, घरटी एक-दोन माणसं येतात, दिवसभर रांगेने निंदतात, संध्याकाळी त्याच्याकडे जेवतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं वावर. मजुरी नाही, मुकादम नाही. तुम्ही ऐकत होता आणि तुमचे डोळे बारीक होत होते. एखादं उदाहरण आवडलं की तुमचा चेहरा गुळाचा खडा मिळाल्यासारखा व्हायचा. शाळा सुटल्यावर घरी ये म्हणालात.

तुमच्या ओट्यावर तुम्ही खडूने आमचं गाव काढलंत. नाला, टेकडी, घरं. प्रत्येक घराच्या जागी एक चिंचोका, आणि आमच्या घराच्या जागी एक लाल गुंज, म्हणजे आम्ही कुठे आहोत ते हरवायला नको. मग नियम ठरवलात: जो माझ्या वावरात आला त्याच्याकडे मी जाणार, जो आला नाही त्याच्याकडे नाही. मी मान डोलावली. मला तो नियम बरोबरच वाटला. शहरात तीन वर्षं राहिलेल्या मुलाला तो बरोबर वाटणारच. पण माणूस कधी तापाने पडतो, कधी सोयरे येतात, मग तो जाऊ शकत नाही. हे कधी घडेल ते आपण ठरवायचं नाही, नशिबाने ठरवायचं, असं तुम्ही म्हणालात. नशीब कुठून आणायचं? तर एसटी स्टँडवरून. प्रवाशांनी टाकलेली तिकिटं मी वेचून आणायची, ती बिस्किटाच्या डब्यात खळखळ हलवायची, एक काढायचं आणि त्याचा शेवटचा आकडा बघायचा. शून्य आलं की ते घर त्या दिवशी चुकलं. कंडक्टरला वाटायचं या पोराच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. एकदा त्याने हटकलं, तर मी तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मंग बरोबर शे," आणि खिशातली चुरगळलेली तिकिटं काढून माझ्या हातावर ठेवली.

आपण तो खेळ किती दुपारी खेळलो असू. सुरुवातीला सगळे चिंचोके सगळ्यांकडे जातात. मग एकाला शून्य लागतं, तो चुकतो. ज्याच्याकडे चुकला तो पुढच्या खेपेला याच्याकडे जात नाही. हा मग त्याला सोडतो. मी खडूच्या रेघा पुसत जायचो आणि बघता बघता गाव सुटं व्हायचं. दर वेळी वेगळ्या घरापासून सुरुवात, शेवट तोच: प्रत्येक जण आपापल्या वावरात एकटा. मला वाटलं झालं, उत्तर मिळालं. तेव्हा तुम्ही डबा बंद करून मांडीखाली सरकवलात आणि म्हणालात, "आते न खेयता सांग." मला काहीच समजेना. तुम्ही समजावलंत ते अजून आठवतं. एकेक चिंचोक्यामागे धावू नकोस, म्हणालात. गावातल्या शंभर नात्यांपैकी आज किती चालू आहेत तो एकच आकडा धर, आणि आज इतकी असतील तर उद्या किती राहतील ते लिही. मग आलेख काढलात. आडव्या रेघेवर आजचं, उभीवर उद्याचं, आणि मधून एक तिरपी रेघ, जिच्यावर आज आणि उद्या सारखेच असतात. आपल्या नियमाची रेघ त्या तिरप्या रेघेच्या खालीच चालली होती, सगळीकडे खाली, फक्त शून्यापाशी तिला भेटत होती. गाव तिथेच जाऊन थांबणार. तिकिटं नकोत, चिंचोके नकोत, इतक्या दुपारी पुसलेल्या रेघा एका रेघेत बसल्या होत्या. मला त्या दिवशी भूक लागली नाही. गणित ही काय चीज आहे ते मला तिथे कळलं, आणि त्यानंतर आयुष्यभर मी जे केलं ते त्याच ओट्यावरचं, जरा मोठ्या आकड्यांत.

पण मग तुम्ही गुंज उचललीत. या घरातला एक हात शाळेत आहे, म्हणालात, म्हणजे हे घर इतरांपेक्षा जास्त वेळा चुकणार. मोड इथूनच सुरू व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. तुम्ही हे अगदी सहज बोललात, फळ्यावर त्रिकोणाचा कोन सांगावा तसं, आणि नंतर माझ्याकडे बघितल्यावर तुमच्या लक्षात आलं की गुंजेत माणसं राहतात. घरी माझे वडील, आई आणि लहान बहीण. वडिलांनी मला कधीच परत ये म्हटलं नव्हतं. मी तुम्हाला म्हणालो, मी शाळा सोडतो. दुसऱ्या कुणी मास्तरांनी, असं वेड्यासारखं बोलू नकोस, म्हणून उडवून लावलं असतं. तुम्हाला ते जमेना, कारण रेघ तुम्हीच काढली होती. शेवटी म्हणालात, "तू आठे ऱ्हायना ते तथा तुन्हा बापना वावरमा कोनी येवाव नही. गणित तरी तसंच सांगी ऱ्हायनं." आणि मग, "यंदा तुन्हा बदलामा मी येस."

माझ्या जागी तुम्ही येणार, मला वाटलं थट्टा आहे. पण रविवारी पहाटेच्या एसटीने आपण म्हसावदला उतरलो आणि पुढे पायी निघालो. तुम्ही धोतर खोचलेलं, खांद्याला पिशवी, पायात त्या करकरणाऱ्या वहाणा. चढावर तुम्हाला दम लागत होता आणि तुम्ही तो सरासरी आणि मध्यक यांतला फरक मला समजावण्यात लपवत होता. गावात पोचलो तर दुसऱ्या निंदणीचा लाहा नेमका आमच्याच वावरात, सगळे तिथे जमलेले. मास्तर निंदायला आले म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोणीतरी तुमच्या हातात विळा दिला. सर, आता सांगायला हरकत नाही: तुम्हाला तण आणि पीक यांतला फरक कळत नव्हता. तुमच्या ओळीत निम्मी ज्वारी गेली. माझी बहीण तुमच्या मागून चालत होती आणि तुम्ही उपटलेली रोपं हळूच परत खोचत होती; ती जगत नसतात हे तिलाही माहीत होतं. दुपारपर्यंत तुमच्या हातालाही फोड आले. ते तुम्ही मला मुद्दाम दाखवलेत, पोरासारखे खूश होऊन. मी तुम्हाला इतकं आनंदी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

मग जेवण. आईने वावरातच चूल मांडली होती. ज्वारीच्या भाकरी आणि उडदाची डाळ, आमचूर घातलेली. दुपारी थोडं आणि संध्याकाळी पोटभर, असं असतं. पळसाच्या पानांवर वाढणं सुरू झालं आणि तुम्ही पिशवीतून पितळी डबा काढलात. तुमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, बांधून दिलेला, दशम्या आणि लोणचं. तुम्ही बाहेरचं काही खात नसायचात, परगावी पेपर तपासायला गेलात तरी डबा बरोबर असे. हे मला माहीत होतं, शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात कुणाचा अपमान करायचा तुमचा विचार नव्हता. तुम्ही महूच्या झाडाखाली जरा लांब बसलात, हात धुतलेत आणि खाल्लंत. आई वाढता वाढता थांबली. तुमच्यासाठी मांडलेलं पान तिने उचललं आणि परत गठ्ठ्यात ठेवलं. संध्याकाळीही तेच झालं. निघताना वडिलांनी तुम्हाला हात जोडले आणि आमच्या बोलीत मला काहीतरी म्हणाले. उतारावर तुम्ही विचारलंत, बाबा काय म्हणाले रे? मी जसंच्या तसं सांगितलं: मास्तर पाहुणे म्हणून आले, बरं वाटलं, पण लाह्याला आले असं नाही. तुम्ही म्हणालात, अरे पण मी दिवसभर काम केलं. मी म्हणालो, जेवला नाहीत. जेवलं की झालं, कोणाचं कोणावर काही उरत नाही. तुमचं उरलं. यावर तुम्ही म्हसावद येईपर्यंत माझ्या पुढे झपाझप चालत राहिलात. मला वाटलं रागावलात.

तुम्ही रागावला नव्हतात, हिशेब करत होतात. आठवडाभर वर्गात तुमचं लक्ष नव्हतं. एकदा तर तुम्ही आठवीचा धडा आम्हाला शिकवलात आणि आम्हीही काही बोललो नाही. मग बाजाराच्या दिवशी वडील डोंगर उतरून शहाद्याला आले. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेलं जेवण होतं, भाकर, लोट्यात डाळ आणि पळसाचं पान, आईने पाठवलेलं: तुमचं राहिलेलं. ते तुमच्या दारासमोर गल्लीत उभे राहिले, आत यायचा प्रश्नच नव्हता, आणि मी मधे उभा, कोणाच्या बाजूने उभं राहावं ते न कळून. बाई दारात आल्या. त्यांनी फडक्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ओट्यावर बैठक मारलीत. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "घरमा बसीसन खा ना. आठे गल्ली देखी ऱ्हायनी." तुम्ही म्हणालात, "देखू दे," आणि वडिलांना हाताने खूण करून ओट्यावर बसवलंत. समोरच्या दुकानातला शेठ मापं ठेवून बघत होता. भाकर वाळून कडक झालेली. तुम्ही ती डाळीत बुडवून सगळी खाल्लीत, सावकाश. बाई आत गेल्या आणि थोड्या वेळाने तांब्याभर पाणी घेऊन आल्या; तो तांब्या त्यांनी आधी वडिलांच्या पुढ्यात ठेवला. वडील पाणी प्याले, तुमच्या रिकाम्या पानाकडे बघून समाधानाने हसले आणि बाजाराकडे गेले.

ते वळल्याबरोबर तुम्ही मला म्हणालात, "चूक मन्ही शे. जेवन मी गणितमा धरंच नही." हात धुवायच्या आधी खडू घेतलात. आपण समजत होतो की प्रत्येक घर मागच्या खेपेची आठवण ठेवतं आणि त्यावर पुढचं पाऊल टाकतं. पण ती आठवण त्याच संध्याकाळी पानावर मिटते. उद्या नवी हाक, नवा दिवस. काल कोण चुकलं ते उद्याच्या हाकेत नसतं. तुम्ही नियम बदललात आणि रेघ पुन्हा काढलीत. या वेळी ती तिरप्या रेघेला वर, भरल्या गावापाशी छेदत होती. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि तुमच्याकडून शिकलेली सगळ्यात कामाची युक्ती ती हीच. तुम्ही ओट्यावर दोन गावं काढलीत, शेजारी शेजारी, हुबेहूब. एकात गुंजेच्या घरात मी आहे, दुसऱ्यात नाही. मग प्रत्येक तिकीट एकदाच काढायचं आणि तोच आकडा दोन्ही गावांना लावायचा, म्हणजे ताप आला तर दोन्हीकडे त्याच घराला येणार, सोयरे आले तर दोन्हीकडे. नशीब सारखं, फरक फक्त माझा. जुन्या नियमाने खेळलो तेव्हा दोन्ही गावं बघता बघता वेगळी झाली. मी नसलेलं आधी मोडलं. नव्या नियमाने खेळलो. तिकिटामागून तिकीट. दोन्ही गावं सारखीच चालत राहिली. फरक माझ्या एका जागेचा, तेवढाच. तो शेजारच्या घरात गेला नाही, वाढला नाही, आणि थोड्या वेळाने तर कुठलं गाव कुठलं ते मला गुंजेकडे बघितल्याशिवाय सांगता येईना. तुम्ही माझ्या पाठीवर खडूच्या हाताने थाप मारलीत. "देख," म्हणालात, "तुन्हावाचून काही आडत नही. बस आते अभ्यासले."

मी बसलो. पुढच्या श्रावणात मी अकरावीत, मॅट्रिकच्या तयारीमुळे घरी गेलोच नाही. पोळा झाल्यावर वडील बाजाराला आले तेव्हा मी विचारलं, आपल्या वावराचा लाहा कसा झाला? ते म्हणाले, सगळे आले, दुपारीच निंदणी संपली, तू काळजी करू नको, कोणाला तुझी आठवणसुद्धा झाली नाही. माझ्या जिवाला घोर लागू नये म्हणून ते असं म्हणाले हे मला कळत होतं. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्हाला केवढा आनंद झाला. रेघ खरी ठरली होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला शिकत होतो. कळलं तोवर तुमचं तेरावं होऊन गेलं होतं. मी गावाकडे राहायला परत कधी गेलो नाही. वडील गेले, आई गेली, बहीण तिकडेच नांदते, आणि लाहा अजून होतो असं ती फोनवर सांगते. ती मुलगी परवा पुन्हा आली तेव्हा तिला मी दोन गावांची युक्ती शिकवली. एकच नशीब दोन्ही गावांना दे, म्हटलं, आणि एक माणूस काढून बघ. तिने लगेच करून बघितलं. काहीच फरक पडला नाही म्हणून ती निराश झाली. मी तिला सांगितलं की हेही उत्तरच आहे, आणि चांगलं उत्तर आहे, या उत्तरामुळे माणसाला कुठेही जायची मोकळीक मिळते. ती गेल्यावर हे लिहायला घेतलं. लिहून झालं की फाडून टाकीन. तुमच्या मुलांना पाठवावं असं यात काही नाही.

एवढंच, की तुम्ही पाठीवर थाप मारलीत तेव्हा मी हसलो, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. दुसरं गणित बरोबर होतं, त्याने मला शाळेत ठेवलं, पुढचं सगळं दिलं. पण पहिल्या गणितात मी नसलो की गाव आधी मोडत होतं. सर, मला पहिलंच आवडलं होतं.